देहाविना शोक : युद्धकाळात समुद्रात हरवलेले नाविक आणि मराठी शोकपरंपरा

१. प्रश्नाची मांडणी

मराठी शोकवाङ्मयाचा विचार करताना एक गोष्ट आपण सहसा गृहीत धरतो. ज्याच्यासाठी शोक करावयाचा तो मेला आहे, हे शोक करणाऱ्याला निश्चितपणे ठाऊक असते. मृताचे कलेवर डोळ्यांसमोर असते किंवा नुकतेच अग्नीच्या वा मातीच्या स्वाधीन केलेले असते. तो कोठे गेला आणि कोणत्या तिथीला गेला, हेही माहीत असते. विलापिका असो की जात्यावरची ओवी, शोकाचा उच्चार या तीन आधारांवर उभा राहतो. देह, स्थळ आणि तिथी अशी नावे त्यांना देता येतील.

युद्धकाळात नौदलाच्या अथवा व्यापारी जहाजांच्या सेवेत असताना जो नाविक समुद्रात नाहीसा होतो, त्याच्या बाबतीत हे तिन्ही आधार एकाच वेळी सुटतात. देह हाती लागत नाही. स्थळ म्हणून अक्षांश-रेखांश सांगता येतात, पण तेथे दगड उभारता येत नाही की पणती लावता येत नाही. तिथी कधी कळते, कधी कळत नाही. आणि कळली तरी ती तारेने किंवा सरकारी पत्राने कळते. अशा मरणाविषयी मराठी वाङ्मय काय बोलते, आणि जेथे ते बोलत नाही तेथे त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

हा प्रश्न नांदेड-लातूरच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या जिल्ह्यांना समुद्र नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रदेश ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, त्या संस्थानाच्या अधिपतीचे नाव धारण करणारी एक विनाशिका प्रत्यक्ष समुद्रावर लढत होती. सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खान यांनी, दिलेल्या निधीतून बांधलेली 'निजाम' ही युद्धनौका जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली. भूमध्य समुद्रात क्रीट व टोब्रुक येथील मोहिमांत तिने काम केले. ११ फेब्रुवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला, केप ल्यूविनजवळ, खवळलेल्या समुद्रात ही नौका एका बाजूला भयंकर कलली आणि तिच्यावरील दहा नाविक वाहून गेले. शत्रूचा गोळा लागला नव्हता; लाटेनेच त्यांना नेले. पुढे त्याच वर्षी २ सप्टेंबरला जपानने शरणागती पत्करली तेव्हा 'निजाम' टोकियोच्या उपसागरात उपस्थित होती.

ते दहा नाविक मराठी नव्हते, हैदराबादी नव्हते. तरीही आपल्या प्रदेशाचा आणि या विषयाचा एक धागा येथे सापडतो. नौकेला राजाचे नाव मिळाले आणि ते नाव इतिहासात टिकले. जे बुडाले त्यांची नावे मात्र या नौकेची हकीकत सांगताना सहसा कोणी उच्चारीत नाही, ते 'दहा नाविक' म्हणूनच उरतात. नाव कोणाचे राहते आणि संख्या कोणाची होते, हा भेद पुढील विवेचनात वारंवार भेटणार आहे.

२. शोकाचे तीन आधार

प्रथम परंपरेतील मुख्य प्रवाह पाहू. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांच्या नावावर असलेले अभंग हे मराठीतील आद्य शोकप्रकरण होय, असे म्हणता येईल. नामदेवांशी निगडित नरसी हे गाव आपल्याच परिसरातले, आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारे. या अभंगांत स्थळ आहे, आळंदी. तिथी आहे, कार्तिक वद्य त्रयोदशी. निरोप देणारा समुदाय आहे. आणि जो जाणार तो सर्वांच्या देखत जातो. येथील शोक सार्वजनिक आहे, कारण त्या जाण्याला साक्षी आहेत.

आधुनिक काळात राम गणेश गडकरी यांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेचा दाखला घ्यावा. मूल गेले आहे हे मान्य न करणारी आई या कवितेत आहे. पण तिचा नकारही मांडीवरच्या देहाच्या आधारानेच व्यक्त होतो. देह समोर आहे म्हणून 'तो निजला आहे' असे म्हणता येते. देहच नसता तर त्या आईला काय म्हणता आले असते, असा प्रश्न विचारून पाहिला की या काव्यप्रकाराची मर्यादा स्पष्ट होते.

देह न सापडण्याचे प्रसंग परंपरेत मुळीच नाहीत असे मात्र नाही. मुक्ताबाई तापीतीरी विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्याची कथा वारकरी परंपरेत आहे. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन तर सर्वश्रुत आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी देहाच्या अभावाला अर्थ आधीच दिलेला आहे. देह नाही, कारण तो संतदेह होता. त्याचे नसणे हीच त्याच्या थोरवीची खूण. हा अर्थ सामान्य खलाशाला उपलब्ध नाही. त्याचा देह नाही याचा अर्थ एवढाच, की तो सापडला नाही.

मराठी कवितेत समुद्र आला तो मुख्यतः दोन रूपांत. सावरकरांच्या १९०९ मधील, ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेल्या प्रसिद्ध कवितेत तो मातृभूमीपासून ताटातूट करणारा आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) या संग्रहातील 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेत तो माणसाच्या जिद्दीला आव्हान देणारा आहे. या दोन्ही कवितांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि प्रस्तुत संदर्भात एक गोष्ट नोंदविली पाहिजे : दोन्हींत बोलणारा जिवंत आहे आणि समुद्र ऐकणारा आहे. दुसऱ्या कवितेत तर बोलणारा नौकेचा नायक आहे. सोबतचे खलाशी त्याचे श्रोते आहेत. 'विशाखा' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी हिंदी महासागरात आणि अटलांटिकमध्ये कोकणातले खलाशी बुडत होते. कवीने त्यांच्यावर लिहावयास हवे होते असा आग्रह येथे नाही. परंतु आपल्या काव्यातील समुद्राला नायक मिळाला आणि बुडालेला माणूस मिळाला नाही, हे वास्तव आहे.

३. वीरगळ : दगडातील समुद्र आणि प्रशस्तीतील समुद्र

युद्धात पडलेल्यांसाठी मराठी मुलखाने निर्माण केलेले सर्वांत जुने स्मरणरूप म्हणजे वीरगळ. मराठवाड्यात गावोगावी, मंदिरांच्या आवारात, वेशीजवळ ते आढळतात. त्यांची रचना ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई व वीराचे पतन, त्यावर अप्सरांसह त्याचे स्वर्गारोहण, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. खालून वर वाचावयाचा हा मजकूर आहे. तो मृत्यूपासून सुरू होतो आणि स्मृतीच्या शाश्वतीवर संपतो.

मुंबईच्या बोरिवली भागातील एकसर येथील वीरगळ या परंपरेत वेगळे ठरतात. त्यांच्यावर नौकांची लढाई कोरलेली आहे. डोलकाठ्या असलेली, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे शत्रूवर चालून जाताना तेथे दिसतात. या दगडांच्या काळाबाबत एकमत नाही. तथापि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात सुमारे १२६५ मध्ये झालेल्या युद्धाशी त्यांचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. तो मान्य केला, तर आपल्याच मराठवाड्यातून राज्य करणाऱ्या एका सत्तेच्या समुद्रावरील मोहिमेचे स्मारक एकसरला उभे आहे, असे म्हणावे लागते.

या युद्धाचा वाङ्मयीन पुरावा यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील राजप्रशस्तीत मिळतो. सोमेश्वर समुद्रात बुडाला, ही घटना तेथे उत्प्रेक्षेच्या रूपाने सांगितली आहे. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल सोमेश्वराला सुसह्य वाटला, असा तिचा आशय. भाषा संस्कृत आहे, दृष्टी विजेत्याची आहे. बुडणाऱ्याचे मरण येथे जिंकणाऱ्याच्या प्रतापाचा अलंकार बनते. राजासोबत नौकांवर जे सैनिक व नावाडी असतील, त्यांचा या अलंकारात उल्लेख संभवतच नाही.

दगड आणि प्रशस्ती यांची तुलना उद्बोधक आहे. प्रशस्तीने एका राजाच्या बुडण्याला चमत्कृतीचे रूप दिले. वीरगळाने मात्र वल्ही मारणाऱ्यांची रांग कोरली. त्यांचे चेहरे वेगळे नाहीत, तरी ते चित्रात आहेत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. समुद्रातल्या मरणाचा दगड जमिनीवर उभारला गेला. देह जेथे पडला तेथे खूण करता येत नाही, म्हणून खूण घराजवळ आणावी, हा मार्ग या दगडांनी फार पूर्वी दाखवून दिला होता.

४. बेपत्ता माणूस : पानिपत आणि पर्णनर

समुद्राचा संबंध नसला, तरी देहाविना शोकाचे मराठी इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण पानिपत हेच आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर अनेक घरांतले पुरुष मेले की जिवंत आहेत, हे दीर्घकाळ कळले नाही. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी संशय राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. या संशयातूनच भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. त्याला लोकांचा पाठिंबा मिळाला, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. या प्रकरणाकडे राजकीय कारस्थान म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. पण तोतयावर विश्वास ठेवावयास माणसे तयार का झाली, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. ज्या मरणाला देहाचा पुरावा नाही ते मरण मनात पूर्ण होत नाही. आणि अपुऱ्या मरणाच्या जागी परतीची कथा जन्म घेते. तोतया हा त्या परतीच्या कथेचे मूर्त रूप होता.

धर्मशास्त्राने या अपुरेपणाची दखल घेतली आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्ट यांच्या 'निर्णयसिंधू'त (१६१२), तसेच पुढे काशीनाथ उपाध्ये यांच्या 'धर्मसिंधू'त अशा मृतांसाठी पर्णनराचा विधी येतो. देह न मिळाल्यास पळसाच्या ३६० पानांची किंवा देठांची मानवाकृती करावी, मस्तक, कंठ, छाती, हात, पाय यांसाठी पाने ठरावीक संख्येने योजावीत, आणि तिचे दहन करावे. जो परदेशी गेला आणि ज्याची वार्ताच नाही, त्याच्यासाठी काही वर्षे, बहुधा बारा, वाट पाहून हा विधी करावा, असे सांगितले आहे. आणि तो माणूस पुढे परत आलाच तर? शास्त्रकारांनी तेही सोडलेले नाही. त्याचा पुन्हा जन्म झाला असे मानून जातकर्मादी संस्कार करावेत, आपल्याच पत्नीशी त्याने पुन्हा विवाह करावा, अशी तरतूद आहे.

हा विधी केवळ कर्मकांड म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. रूपकाच्या दृष्टीने तो विलक्षण आहे. अनुपस्थित देहाची जागा पानांनी भरावयाची, आणि पाने मोजून भरावयाची. शोकाला आकार हवा असतो, आणि देह नसेल तर तो संख्येने व रचनेने निर्माण करावा लागतो, ही जाण त्यामागे आहे. घातचतुर्दशी आणि सर्वपित्री अमावास्या यांमागेही हीच जाण दिसते. शस्त्राने वा अपघाताने मेलेल्यांसाठी एक दिवस, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दुसरा. तिथीच्या अभावालाही पंचांगात जागा करून दिलेली आहे.

आधुनिक कायद्याने प्रतीक्षेचा काळ सात वर्षे ठरविला. ज्यांना वार्ता कळणे स्वाभाविक होते त्यांना सात वर्षे जिची वार्ता नाही ती व्यक्ती जिवंत आहे, हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. युद्धात मात्र सरकार इतके थांबत नाही. 'बेपत्ता, मृत्यू झाला असे मानण्यात येते' असा निर्णय लवकर होतो. प्रशासनाच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे, कारण निवृत्तिवेतन, वारसा, मुलांचे शिक्षण हे सारे त्यावर अवलंबून असते. परंतु 'मानण्यात येते' या कर्मणी क्रियापदात मानणारा कोण, हे सांगितलेले नसते. घरातल्या बाईने मानले की नाही, हे त्या वाक्यात कोठेच येत नाही.

येथवरचा विचार हिंदू विधींपुरता झाला. कोकण किनाऱ्यावरील खलाशांत मोठा भरणा मुसलमानांचा आणि गोव्याकडील ख्रिस्ती लोकांचा होता, हे लक्षात घेता तो अपुरा ठरेल. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत, आणि शाफई मतानुसार देह समोर नसतानाही जनाज्याची नमाज, म्हणजे गायबाना नमाज, पढता येते. बुडून मरण पावलेल्याला हुतात्म्याचा दर्जा असल्याची श्रद्धाही इस्लामी परंपरेत आहे. ख्रिस्ती घरांत मृताच्या नावाने मिस्सा अर्पण होतो. तिन्ही परंपरांत देहाची उणीव कशाने तरी भरून काढली जाते. पानांच्या आकृतीने, प्रार्थनेने किंवा नावाच्या उच्चाराने. यांपैकी आधुनिक राज्यसंस्थेने उचलला तो शेवटचा मार्ग, नावाचा.

५. नामावली : एक वाङ्मयप्रकार

मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचे एक स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण तेथे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात हरवलेल्या, अविभाजित भारताच्या नौदलातील व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक नाविकांची नामावली दोन प्रतींत तयार करण्यात आली. एक प्रत मुंबईच्या याच वास्तूत, दुसरी आता बांगलादेशात असलेल्या चितगाव येथील युद्धसमाधिस्थळात. या संख्येत व्यापारी जहाजांवरील खलाशी बहुसंख्य आहेत.

हे खलाशी कोण होते? कोळसा टाकणारे, भट्टी पेटती ठेवणारे, दोर ओढणारे, स्वयंपाकी, वाढपी. त्यांच्यात सारंग होते, तांडेल होते, सुकाणी होते. मराठी किनाऱ्यावर हे शब्द जहाजावरच्या हुद्द्यांचे शब्द म्हणून शतकानुशतके नांदले आहेत. रत्नागिरी हा त्यांच्या भरतीचा एक प्रमुख जिल्हा होता. बंगालच्या बाजूला चितगाव आणि सिल्हेट. पाणबुडीने मारा केला असता जहाजाच्या तळाशी भट्टीजवळ काम करणाऱ्याला वर येण्यास सर्वांत कमी अवधी मिळतो. हुद्द्याची उतरंड अशा रीतीने मरणाच्या शक्यतेतही उतरते.

नामावलीला आपण दस्तऐवज समजतो, वाङ्मय समजत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज तपासून पाहिला पाहिजे. नामावलीत क्रियापद नसते, विशेषण नसते, अलंकार नसतो. नाव, हुद्दा, जहाज, आणि अनेक नोंदींत पित्याचे नाव व गाव. पण ती वाचणारा माणूस ठरला की तिचा अर्थ बदलतो. परक्यासाठी ती यादी आहे. घरच्यासाठी त्या यादीत एकच ओळ आहे आणि बाकी सारी ओळ शोधण्याची वाट आहे. पर्णनरात जशी पाने मोजून ठेवावयाची, तशी येथे नावे मोजून कोरली जातात. दोन्ही ठिकाणी रचना देहाच्या बदली उभी आहे.

नामावलीत समतेचे एक तत्त्वही गृहीत असते. मात्र ते नेहमी पाळले गेले नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीच्या २०२१ मधील अहवालात याची कबुली आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सुमारे ४५ ते ५४ हजार लोकांचे स्मरण असमान रीतीने झाले, त्यांत भारतीय व आफ्रिकी लोकांचा भरणा होता. आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन लोकांची, नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. नाव ही गोष्ट आपोआप मिळत नाही, ती द्यावी लागते, हा या अहवालाचा आपल्यासाठी अर्थ.

६. 'खुकरी' : कप्तान आणि एकशे शहात्तर

स्वतंत्र भारताच्या नौदलाच्या इतिहासातील सर्वांत मोठी हानी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री झाली. पाणबुडीविरोधी फ्रिगेट 'खुकरी' आदल्या दिवशी मुंबईहून 'किरपाण' या नौकेसह निघाली होती. शोध पाकिस्तानी पाणबुडीचा होता. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'हंगोर' या पाणबुडीने टॉर्पेडो सोडले, आणि 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. ६७ जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना निघून जाण्यास मदत केली आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

त्याच युद्धात समुद्राने दोन्ही बाजूंची माणसे घेतली. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ तिच्यावरील सर्वांसह बुडाली. कराचीजवळ 'खैबर' ही विनाशिका भारतीय क्षेपणास्त्रांनी बुडाली, आणि तिच्यावरीलही दोनशेहून अधिक नाविक गेले. त्यांच्या घरांतही देहाविना शोक झाला असणार, हे विसरून या विषयाचा अभ्यास करता येत नाही.

'खुकरी'च्या स्मरणाची रूपे पाहण्यासारखी आहेत. दीव येथे समुद्राकडे तोंड करून उभारलेल्या स्मारकात काचेच्या आवरणात नौकेची प्रतिकृती ठेवली आहे. एकसरच्या दगडाने जे केले तेच येथे घडले : बुडालेली नौका किनाऱ्यावर आणली गेली. पुढे याच नावाची दुसरी 'खुकरी' डिसेंबर २०२१ मध्ये सेवानिवृत्त झाली आणि २०२२ मध्ये तीही दीवला सुपूर्द करण्यात आली. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या तिन्ही दलांतील सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. इंग्रजीत मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्यांच्या आठवणींवर आधारलेले पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध केले.

परंतु लोकस्मृतीत काय उरले? कप्तान. नौकेबरोबर जाणारा नायक ही प्रतिमा इतकी प्रभावी आहे, की बाकीचे १९३ जण तिच्या मागे जातात. कप्तान मुल्ला यांच्या धैर्याचे मोल याने तिळमात्र कमी होत नाही. पण साहित्याच्या अभ्यासकाने कथनाचा हा साचा ओळखला पाहिजे. हेमाद्रीच्या प्रशस्तीत राजा दिसला, कोलंबसाच्या कवितेत नायक बोलला, 'खुकरी'च्या कथेत कप्तान उरला. कप्तानाला निवड होती, आणि निवडीतून कथा घडते. तळमजल्यावर काम करणाऱ्या नाविकाला निवडीचा क्षणच मिळाला नाही. म्हणून त्याच्या मरणाची कथा होत नाही, केवळ नोंद होते. या सर्व रूपांत फक्त नामावलीच अशी आहे की जेथे कप्तान आणि खलाशी दोघांना प्रत्येकी एकच ओळ मिळते.

७. नांदेड-लातूरच्या अभ्यासकासाठी

आपल्या भागात मृताची राख नांदेडला गोदावरीत सोडतात, लातूरकडे मांजरेच्या पाण्यात सोडतात. मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. म्हणजे समुद्र आपल्या अंत्यविधीतही आहे. फक्त तो शेवटी आहे. आधी घर, मग अग्नी, मग नदी, आणि मग डोळ्यांआडचा समुद्र. हरवलेल्या नाविकाच्या बाबतीत समुद्र एकदम येतो, आणि मधले सारे टप्पे, म्हणजे माणसांना शोक करण्यासाठी मिळणारा सारा अवधी, गळून पडतो.

हा गळून गेलेला अवधी काय असतो, याचा अनुभव या प्रदेशाला अगदीच नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली आणि अनेकांचे दहन सामुदायिक रीतीने करावे लागले. घरोघरचा स्वतंत्र विधी त्या दिवसांत शक्य नव्हता. तरीही तेथे स्थळ उरले होते, तिथी सर्वांची एकच होती, आणि शेजारी शोकात सहभागी होते. समुद्रात हरवलेल्या नाविकाच्या घरी यांतले काहीच नसते. शेजारचे घर भरलेले असते, आणि या घरात पत्र येते. किल्लारीशी तुलना करण्याचा हेतू दुःखांची प्रतवारी लावण्याचा नाही. स्थळ, तिथी आणि समूह या तीन गोष्टींनी शोकाला किती आधार मिळतो, हे आपल्या अनुभवावरून कळावे, एवढाच आहे.

जात्यावरच्या ओवीचा भूगोल माहेर, सासर, नदी, घाट, पंढरी असा आहे. त्यात समुद्र क्वचितच येतो. परंतु दूर गेलेल्या माणसाची वाट पाहणे, त्याचा सांगावा न येणे, त्याच्या नावाने दळण दळणे हे तिचे नित्याचे विषय आहेत. म्हणून देहाविना शोकाचा जवळचा वाङ्मयीन आधार विलापिकेत नसून वाट पाहण्याच्या ओवीत आहे, असे सुचवावेसे वाटते. विलापिका मरण गृहीत धरते. ओवी दोन्ही शक्यता उघड्या ठेवते. पार्वतीबाईंनी आयुष्याने जे केले, तेच ओवी शब्दांनी करते. लोकसाहित्याच्या संकलनात आपण या ओव्या विरहाच्या सदरात टाकतो. त्यांतील काही शोकाच्या सदरात जातील का, हे पुन्हा तपासले पाहिजे.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाला जागा आहे. पदव्युत्तर वर्गात विलापिका शिकविताना एखाद्या स्मारकावरील नामावलीचे एक पान विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, आणि हे कोणी, कोणासाठी, कोणत्या क्रमाने लिहिले, हे विचारावे. ज्या गावांतून माणसे सैन्यात गेली तेथील वीरगळ, शाळेतल्या पाट्या, चौकातील फलक यांचे वाचन करवून घ्यावे. माजी सैनिकांच्या घरातील वृद्ध स्त्रियांकडून ओव्या लिहून घेताना वाट पाहण्याच्या ओव्या कोणाच्या नावाने म्हटल्या जात, हा प्रश्न आवर्जून विचारावा. या स्त्रियांची पिढी आता फार थोडी उरली आहे.

८. निष्कर्ष

(१) मराठी शोकवाङ्मय देह, स्थळ व तिथी या तीन आधारांवर उभे आहे. युद्धकाळात समुद्रात हरवलेल्या नाविकाच्या बाबतीत हे आधार सुटत असल्याने त्याच्याविषयीचे मौन हे केवळ अनास्थेचे नाही. त्यामागे वाङ्मयप्रकारांची घडणही आहे.

(२) जेथे समुद्रातील मरण वाङ्मयात आले, तेथे ते बहुधा राजा, नायक वा कप्तान यांच्या द्वारे आले. निवड करू शकणाऱ्याची कथा झाली. इतरांची संख्या झाली. 'निजाम' या नावाच्या नौकेवरील दहा नाविक हे याचे आपल्या प्रदेशाशी निगडित उदाहरण होय.

(३) देहाची उणीव भरून काढण्याचे मार्ग परंपरेने शोधले होते. एकसरचा दगड, पर्णनर, गायबाना नमाज, मिस्सा ही त्यांची रूपे. आधुनिक नामावली हे त्यांचेच पुढचे रूप मानून तिचे वाचन वाङ्मय म्हणून केले पाहिजे.

(४) वाट पाहण्याची ओवी ही मराठीतील देहाविना शोकाची सर्वांत समर्थ रचना असण्याची शक्यता आहे. तिचा या दृष्टीने पुनर्विचार आवश्यक आहे.

मशीद बंदरच्या त्या वास्तूतील आणि चितगावच्या त्या प्रतीतील नावे आज फार थोडे लोक वाचतात. त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची गावे आहेत, बापांची नावे आहेत, सारंग आणि तांडेल हे आपल्याच भाषेतले हुद्दे आहेत. ती वाचण्याची जबाबदारी इतिहासकारांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही.